पंचवीस हजार मैल

त्या वर्षी हेलसे बेटावर उन्हाळा आलाच नाही. जून पावसात गेला, जुलैही पावसात गेला, आणि ऑगस्टमध्ये लोक गवत कापायला उतरले तेव्हा ट्रॅक्टरची चाकं अर्धी जमिनीत रुतत होती. मुरघास निम्माच झाला. हिवाळाभर जनावरांपुढे टाकायचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण ऑक्टोबरच्या बाजाराला नेहमीपेक्षा जास्त गोऱ्हे काढायचे हे प्रत्येक घरात आपसूक ठरलं होतं. बाजार समुद्रापलीकडे, कर्कवॉलला. जनावरांची खास बोट वर्षातून एकदाच बेटावर यायची आणि शेतापासून धक्क्यापर्यंत जनावरं पोचवायचं काम मॅन्सी फूबिस्टरचं होतं.

जनावरंच कशाला, बोटीतून जे उतरेल ते सगळं तोच वाहायचा. कोळसा, खत, पेंड, गॅसच्या टाक्या, नव्या नवरीचं कपाट आणि मयताची पेटीसुद्धा. आधी त्याचा आजा घोडागाडीतून वाहायचा, मग बाप वाहायला लागला, आणि आता सत्तावीस वर्षं मॅन्सी. लेखी असं काही नव्हतं. दर नोव्हेंबरला बेटाची सभा भरायची, त्यात कुणीतरी म्हणायचं, "वाहतूक मॅन्सीकडेच ना?" आणि चहा यायचा. या नोव्हेंबरला मात्र जीमो ड्रेव्हरने आपलंही नाव टाकलं होतं. जीमो चाळिशीचा, अंगापिंडाने आडवा. त्याने वसंतात मोठा ट्रॅक्टर आणि जनावरांचा ट्रेलर घेतला होता. तो वाईट माणूस नव्हता, आणि मॅन्सीला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

फूबिस्टरांच्या तीन पिढ्यांत नवं वाहन कधी आलं नव्हतं. दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं आणायचं, उघडायचं, जोडायचं आणि वाजवत चालवायचं. त्यामुळे मॅन्सीचे हात इंजिनात मुरलेले. बेटावरचा कुठलाही ट्रॅक्टर रुसला की त्याच्या दाराशी यायचा. दीड वर्षापूर्वी त्याने आयुष्यात पहिल्यांदा नवा ट्रक घेतला. निळा, सीटवर प्लॅस्टिक असलेला. विकणाऱ्या पोऱ्याने किल्ली देताना सांगितलं, "तुम्ही फक्त चालवायचा. हात लावायचा नाही. तुमचा पाना लागला की गॅरंटी संपली." मॅन्सीने मान हलवली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला असं कुणी सांगितलं तर तो चिडतो तरी किंवा घाबरतो तरी. मॅन्सी घाबरला.

जुन्या ट्रकचं ऑइल तो वर्षातून दोनदा बदलायचा, मेंढ्या व्याल्या की एकदा आणि बाजाराच्या आधी एकदा. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही विचार केला नव्हता. नव्या ट्रकबरोबर पुस्तक आलं. पुस्तकात लिहिलं होतं, पंचवीस हजार मैल. बेटावर रस्ता एकच, आठ मैलांचा, उत्तरेच्या टोकापासून धक्क्यापर्यंत. दीड वर्षात काटा सहा हजारांवर जेमतेम पोचला होता.

"पुस्तकाला विचारलंस का आज पाऊस थांबणार का ते?" धक्क्यावर दोरखंड गुंडाळता गुंडाळता इंगा म्हणाली. बोटीची तिकिटं, दोर आणि बेटावरच्या बातम्या ही तिन्ही खाती इंगाकडे होती.

"पुस्तक म्हणतं, तोंड बंद ठेवलं तर थांबेल," मॅन्सी म्हणाला.

"मला नाही हो कळत त्यातलं. पण गेल्या आठवड्यात माझ्या भावाचा अख्खा गिअरबॉक्स तू जमिनीवर मांडलास, आणि स्वतःच्या ट्रकचा बल्ब बदलायला कर्कवॉलला फोन केलास म्हणे."

"गॅरंटी आहे त्याला."

"भावाला नाही ना," इंगा म्हणाली. धक्क्यावरची दोन-तीन माणसं हसली. मॅन्सीने कोळशाची पोती ट्रकमध्ये चढवली आणि निघाला. इंजिन त्याने बंद केलंच नव्हतं. तशी रीतच होती. त्या वाऱ्यात गार झालेलं इंजिन पुन्हा चालू करायचं म्हणजे कटकट. म्हणून धक्क्यावर, फाटकात, दुकानापुढे, सगळ्यांची इंजिनं सुरूच असायची. दोन मैल जायचं आणि अर्धा तास गप्पा मारायच्या. इंजिन तेवढा वेळ गुरगुरत उभं.

बीनीकडे दहा पोती टाकायची होती. बीनी एक्क्याऐंशीची, एकटी राहायची, तीन गोऱ्हे आणि एक आंधळं कुत्रं घेऊन. तिने पोती मोजून घेतली आणि मॅन्सीला फाटकातच धरून ठेवलं.

"माझे तिघे शेवटच्या खेपेला घे," ती म्हणाली. "सकाळपासून धक्क्यावर उभे राहिले तर वाळतात. आणि मी बरोबर येणार. मागच्या सालच्यांना तू दुसऱ्यांच्यात कोंबलंस, एकाच्या ढुंगणावर ओरखडा होता."

"तो ओरखडा तुझ्याच कुंपणाचा होता, बीनी."

"असेल. पण खाली उतरले तेव्हा तुझ्या ट्रकमधून उतरले ना?"

पाऊस आडवा येत होता. मॅन्सीच्या उजव्या खांद्यात पोत्यांमुळे कळ उठली होती. बीनी बोलत होती आणि त्याचं लक्ष इंजिनाकडे गेलं. आवाजात तसं काही नव्हतं. वास मात्र होता. तेलाच्या वासात डिझेलचा वास मिसळला होता, अगदी थोडा, पण त्याच्या नाकाला पुरेसा.

वाटेत तळ्याजवळ त्याने ट्रक उभा केला, या वेळी इंजिन बंद करून. इकडेतिकडे पाहिलं. मग ट्रकचं बॉनेट वर उचललं आणि ऑइलचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट पिवळा लगदा जमला होता, लोण्यासारखा. त्याने बोट फिरवून तो काढला, अंगठ्यावर चोळला. पाणी. मग ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली. ऑइल खुणेच्या वर आलं होतं. गेल्या दीड वर्षात त्याने चार लोकांना सांगितलं होतं की या इंजिनाला ऑइल लागतच नाही, थेंबभर कमी होत नाही. कमी कसं होईल, त्यात डिझेल उतरत होतं आणि वाफेचं पाणी. इंजिन कधी नीट तापलंच नव्हतं. दोन मैल जाऊन ते तापणार तरी कसं?

त्याने झाकण फडक्याने पुसून लावलं. फडकं खिशात टाकलं. घरी जाईपर्यंत वाटेत कुणाशी थांबून बोलला नाही.

मेरनने, म्हणजे त्याच्या बायकोने, संध्याकाळी कपडे धुवायला काढले तेव्हा ते फडकं तिच्या हाताला लागलं. ती ट्रक चालवायची नाही, पण एकतीस वर्षं इंजिनाच्या माणसाबरोबर राहिलेली. तिने फडकं टेबलावर, भाकरीच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे कुठलं?"

"झाकणातलं."

"ट्रकच्या?"

तो मेंढीच्या रश्श्यात भाकरी मोडत राहिला.

"ऑइल बदलायला झालंय मग," मेरन म्हणाली.

"सहा हजार मैल झालेत. पंचवीस हजाराला बदलायचं."

"आण बघू ते पुस्तक."

"राहू दे."

तिने ऐकलं नाही. बाहेर जाऊन ट्रकच्या खणातून पुस्तक घेऊन आली, खांदे भिजवून. चष्मा लावला. तिला हवं ते पान लगेच उघडलं, कारण ते पान बऱ्याचदा उघडलेलं होतं. तिने ओळीखाली बोट ठेवून वाचलं. "पंचवीस हजार मैल किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते." मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "एक वर्ष."

"माहितीय."

"माहितीय?"

"वाचता येतं मला, मेरन."

"म्हणजे वर्ष उलटून सहा महिने झाले, हे तुला ठाऊक आहे?"

त्याने ताट बाजूला सारलं. तो सहसा मनातलं बोलत नसे, आणि बोलला की मधेच तोडून बोलायचा. "ट्रक कर्कवॉलला न्यायचा म्हणजे दोन दिवस. बोट सोमवारी जाते, बुधवारी येते. ते दोन दिवस बेटावर कोण वाहणार? जीमो. एकदा लोकांनी त्याला फोन केला की नंबर पाठ होतो. मग माझ्याकडे कशाला येतील?"

"दोन दिवसांनी?"

"दोन दिवसच पुरतात."

मेरनने पुस्तक मिटलं. तिला राग आला होता आणि त्याची कीवही आली होती. ती म्हणाली, "मग इथंच बदल. तुला काय जड आहे? पाना आहे, हात आहेत."

"गॅरंटी जाते."

"न बदलता राहते का?"

"बाजार होऊ दे," तो म्हणाला. "सभा होऊ दे. मग नेतो."

आठवडाभर तो जपून चालवत राहिला. काम होतंच. कुंपणं बांधायची, गोऱ्ह्यांच्या कानातले बिल्ले तपासायचे, चिखलात रुतलेली चाकं दगड घालून काढायची. ट्रकच्या मागच्या फळ्या त्याने दोनदा धुतल्या. सकाळी इंजिन चालू केलं की तो आधी ऑइलचा लाल दिवा विझायची वाट बघायचा. दिवा पूर्वी लगेच विझायचा, आता जरा थांबून विझत होता. हे त्याने मेरनला सांगितलं नाही.

बाजाराची बोट सोमवारी एक वाजता सुटणार होती. साडेसातला उजाडलं आणि मॅन्सीने पहिली खेप भरली. वारा होता, पाऊस नव्हता. बारा-बारा जनावरांच्या पाच खेपा. जनावरं फळीवर चढायला तयार नसतात, चढली की वळतात, वळली की शेणाने माखतात आणि माणसालाही माखतात. दुसऱ्या खेपेपर्यंत मॅन्सीची पँट गुडघ्यापर्यंत हिरवी झाली होती. जीमो आपली जनावरं आपल्याच ट्रेलरने आणत होता. दोघे रस्त्यात समोरासमोर आले की जीमो गवतात उतरून वाट द्यायचा आणि हात वर करायचा. मॅन्सीही हात वर करायचा.

चौथी खेप झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. इंगा धक्क्यावरून ओरडली, "बारा राहिले ना? बीनीचे तीन धरून? बोट थांबणार नाही हं, भरतीचं गणित आहे."

"येतो."

उत्तरेला नऊ गोऱ्हे भरले, मग बीनीचे तीन. बीनी डोक्याला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन पुढे त्याच्या शेजारी येऊन बसली. कुत्र्याला तिने घरात कोंडलं होतं, त्याच्याबद्दल ती बोलत होती. ट्रक जड झाला होता. तळ्याच्या चढावर मॅन्सीने गिअर खाली घेतला आणि दिवा लागला.

लाल. ऑइलचा.

त्याला वाटलं, विझेल. विझला नाही. चढ संपला, रस्ता सपाट झाला, तरी दिवा तसाच. पुढे धक्का दोन मैलांवर दिसत होता, बोटीचा धूरही दिसत होता. पाच मिनिटं. फार तर सहा. एवढं कदाचित निभावेल. कदाचित पोचेलसुद्धा, आणि मग कुणाला काही कळणार नाही, सभेत कुणीतरी विचारेल, वाहतूक मॅन्सीकडेच ना, आणि चहा येईल. मग त्याला खालून आवाज आला. टक, टक, टक, बारीक आणि कोरडा. असा आवाज त्याने दुसऱ्यांच्या इंजिनांत आयुष्यभर ऐकला होता, आणि त्या माणसांना त्याने एकच विचारलं होतं, ताबडतोब बंद का नाही केलंत?

त्याने किल्ली फिरवली. ट्रक थोडा घरंगळला आणि थांबला. एकदम वाऱ्याचा आवाज आला.

"का थांबलास?" बीनीने विचारलं.

"ऑइलचा दाब गेला."

"मग हळू चालव."

"हळूही चालवता येत नाही."

"नवा आहे ना हा?"

मॅन्सी खाली उतरला. मागे गोऱ्हे पाय आपटत होते. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरून जीमोचा ट्रॅक्टर आला, ट्रेलरशिवाय; ट्रेलर त्याने धक्क्यावर सोडला होता आणि जेवायला घरी निघाला होता. तो थांबला, ट्रककडे बघितलं, मॅन्सीकडे बघितलं, आणि काय झालं ते विचारलं नाही.

"ट्रेलर घेऊन येऊ?"

"जाऊन, जोडून, येऊन, पुन्हा भरून," मॅन्सी म्हणाला. "नाही होणार. आणि भरलेला ट्रक ओढताही येणार नाही, इंजिनाशिवाय ब्रेक धरत नाहीत."

"मग चालवत नेऊ."

"दोन मैल?"

"दुसरं काय करणार?" जीमो खाली उतरला. त्याने फोन काढला आणि वाटेतल्या चार घरांना सांगितलं, फाटकं लावा आणि तोंडाशी उभे राहा. नंबर त्याला पाठ होते. मॅन्सीने फळी खाली सोडली. गोऱ्हे रस्त्यावर उतरले आणि लगेच तीन दिशांना पांगायला लागले. "तू पुढे हो," जीमो म्हणाला. "तुला ओळखतात. मी मागून हाकतो."

असा बेटाचा वाहतूकदार बारा गोऱ्ह्यांच्या पुढे, हातात बीनीची काठी घेऊन, चालत धक्क्याकडे निघाला. प्रत्येक फाटकाशी माणसं उभी होती, हात पसरून, जनावरं वाट चुकू नयेत म्हणून. एकाने फक्त म्हटलं, "तुझा आजा असंच न्यायचा ना?" आणि त्याला त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं. मॅन्सीच्या खांद्यातली कळ आता मानेपर्यंत आली होती, रबरी बुटात घोटा घासत होता. बीनीचा एक गोऱ्हा ओढ्यात उतरला; जीमो कमरेपर्यंत भिजून त्याला वर घेऊन आला. जनावरांच्या तोंडातून फेस गळत होता. मॅन्सीला लाज वाटत होती, आणि चालत असल्यामुळे ती संपायला वेळ लागत होता.

बोट अकरा मिनिटं उशिरा सुटली. इंगाने कप्तानाला काय सांगून थांबवलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. शेवटचा गोऱ्हा आत गेला तेव्हा ती मॅन्सीला म्हणाली, "चहा घे." पुस्तकाबद्दल ती काही बोलली नाही. तो समजला, गोष्ट आता चेष्टेच्या पलीकडे गेली आहे.

बीनी ट्रकमध्येच बसून होती. तो परत गेला तेव्हा तिने काच खाली केली. "पोचले?"

"पोचले."

"वजन किती उतरलं असेल?"

"उतरलं असेल थोडं."

"थोडं," बीनी म्हणाली आणि काच वर केली.

पुढच्या सोमवारी जीमोने ट्रक आपल्या ट्रॅक्टरने ओढत बोटीवर चढवला. कर्कवॉलच्या गॅरेजमधून गुरुवारी फोन आला. फोनवरचा माणूस सभ्यपणे बोलत होता.

"शेवटचं ऑइल कधी बदललं होतंत?"

"बदललं नाही."

"म्हणजे आल्यापासून?"

"सहाच हजार मैल झालेत."

"मैल नाही विचारत मी. दीड वर्ष झालं ना? त्यातून छोट्या फेऱ्या, आणि बराच वेळ उभ्याउभ्या चालू असणार. अशा गाडीला वर्षसुद्धा थांबायचं नसतं, सहा महिन्यांनी बदलायचं. फिल्टर लगद्याने बंद झालाय. बेअरिंग गेलीत. तुम्ही वेळेवर बंद केलंत म्हणून इंजिन वाचलं, पण गॅरंटीत नाही बसणार हे. वर्षाची सर्व्हिस चुकलीय."

"बरं," मॅन्सी म्हणाला.

फोन ठेवून त्याने सगळं मेरनला सांगितलं. मग म्हणाला, "मी इथं बदललं असतं तर गॅरंटी गेली असती. नाही बदललं, तरी गेलीच."

"मग मी काय म्हणत होते?" मेरन म्हणाली. ती कणीक मळत होती, तिने मान वर केली नाही. "सहा महिन्यांनी बदला म्हणाला ना? तू जुन्याचं तेच करत होतास. कुणी न सांगता."

नोव्हेंबरची सभा शाळेच्या खोलीत झाली. एकवीस माणसं होती. मॅन्सी शेवटच्या बाकावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, कारण बाक मुलांचे होते. ट्रक परत आला होता आणि ठीक चालत होता, हे त्याने उभं राहून सांगितलं. जीमो म्हणाला, मला काही बोलायचं नाही, तुम्ही ठरवा. शेवटी बीनी बोलली. तिला बसूनच बोलायची मुभा होती.

"मॅन्सी मला आवडतो," ती म्हणाली. "त्याचा बापही आवडायचा. पण माझे गोऱ्हे चालत गेले."

एवढंच. हात वर झाले तेव्हा मॅन्सीने मोजले नाहीत, समोरच्या नकाशाकडे बघत राहिला. नकाशात हेलसे बेट करंगळीच्या नखाएवढं होतं. वाहतूक जीमोकडे गेली. चहा आला. त्याने घेतला, कप विसळून ठेवला आणि मेरनबरोबर चालत घरी गेला. वाटेत मेरनने त्याचा हात धरला. रस्त्यावर तिने असं कधी केलं नव्हतं.

हिवाळा गेला. मॅन्सी घरच्या मेंढ्या बघायचा, लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. ट्रक शेडमध्ये असायचा. आठवड्यातून एकदा तो मेरनला घेऊन उगाचच आठ मैल सरळ जायचा आणि आठ मैल परत यायचा, इंजिन नीट तापेपर्यंत. लोक काय म्हणत असतील त्याची त्याला फिकीर उरली नव्हती. सोमवारी बोटीचा भोंगा वाजला की मात्र तो हातातलं काम थांबवायचा. सत्तावीस वर्षांची सवय होती. भोंगा संपेपर्यंत उभा राहायचा आणि मग पुन्हा कामाला लागायचा.

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. एके दुपारी मॅन्सी एका आडव्या कोकराला सरळ करून बाहेर काढत होता, कोपरापर्यंत हात भरलेले, तेव्हा फाटकात लाल ट्रक येऊन उभा राहिला. कोरा करकरीत, सीटवर प्लॅस्टिक. काच खाली करून जीमोने हात वर केला.

"ट्रेलर पुरत नाही," तो म्हणाला. जरा ओशाळून म्हणाला. "कोळसा भिजतो. म्हणून घेतला."

"चांगलाय," मॅन्सी म्हणाला. कोकरू बाहेर आलं होतं. त्याने त्याच्या नाकातला चिकटा काढला, गवताने पुसलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. मग कुंपणापाशी आला.

"तुला एक विचारायचं होतं," जीमो म्हणाला. "ऑइल किती दिवसांनी बदलू? पुस्तकात पंचवीस हजार मैल लिहिलंय."

मॅन्सी हात पुसत राहिला. पुस्तकात लिहिलंय तसं कर, एवढं म्हटलं की झालं असतं. तशी इच्छा त्याला झाली, आणि ती बराच वेळ टिकली. तळ्याच्या चढावर हा लाल ट्रक लाल दिवा लावून उभा आहे, हेही त्याने मनातल्या मनात बघून घेतलं. जीमो वाट बघत होता. या माणसाने कमरेएवढ्या पाण्यात उतरून गोऱ्हा काढला होता.

"मैल बघू नकोस," मॅन्सी म्हणाला. "सहा महिन्यांनी. वर्षातून दोनदा. आणि पट्टीवर ऑइल कमी होत नाही म्हणून खूश होऊ नकोस, वाढतंय का ते बघ."

"तू बदलून देशील?"

"माझा पाना लागला तर तुझी गॅरंटी जाईल. कर्कवॉललाच न्यावा लागेल. सोमवारी जायचं, बुधवारी यायचं."

"दोन दिवस," जीमो म्हणाला.

"दोन दिवस."

"आणि मग इथलं कोण बघणार?"

"मी," मॅन्सी म्हणाला. "ट्रक शेडमध्ये उभाच आहे. दोन दिवस मी ओढतो, तू खुशाल जाऊन ये."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. निदान म्हणताना तरी मनापासून म्हटलं होतं. त्याच्या आत आणखी काही होतं का, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. जीमो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने समोर बघितलं, हाताने स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली.

"सप्टेंबरपर्यंत वेळ आहे म्हणा," तो म्हणाला. "तोवर मैल तरी किती होणार?"

"नाही होणार फारसे."

"मग बघू."

"बघ," मॅन्सी म्हणाला.

लाल ट्रक धक्क्याकडे निघून गेला. जीमो जाणार नाही, सप्टेंबरलाही नाही आणि त्यापुढेही नाही, हे मॅन्सीला कळलं होतं. मागे दुसरी मेंढी कळा देत ओरडत होती. त्याने बाह्या पुन्हा वर केल्या आणि तिच्याकडे वळला.